रविवारचा फोन

रविवारी कॅनडाहून हेरंबचा फोन आला तेव्हा वेणूताईंनी पोपटाचा पिंजरा फोनपुढे सरकवला. पोराला आपला आवाज ओळखू येतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

"कशी आहेस, आई?"

"बरी आहे रे. गोळ्या घेतल्या," पोपट हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाला. ताईंनी लगेच सूर्यफुलाची बी दिली. त्याने ती कट्कन फोडली. बरोबर बोलला की बी, चुकला तर रागवायचं नाही. तीन महिन्यांत हे नव्या जातीचं पाखरू तयार झालं होतं. ताईंचे पूर्वीचे पोपट निदान कडकडून चावायचे तरी!

"जेवलीस?"

"जेवले हो."

'आई ओळखेना, गाढव कुठला!' ताई मनात म्हणाल्या.

"काळजी घे हं, आई," तिकडून आवाज आला आणि पाठोपाठ फोनमध्येच बी फुटली, कट्!

"मेल्यानेही तिकडे पोपटच बसवलाय!" म्हणत ताईंनी बियांची डबी पिंजऱ्यात उपडी केली.