अक्रोडाखालची फुलं

“यंदा पिटुनिया नको, मास्तर. तिला चालेल असं दुसरं काहीतरी द्या.”

रोपवाटिकेच्या फाटकातून आत येता येताच शिवणवाल्या ताई एवढं बोलल्या आणि रिकामी पिशवी पोटाशी धरून उभ्या राहिल्या. बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मशीनवरून उठून तशाच आल्या होत्या.

मास्तर म्हणजे रोपवाटिकेचे मालक. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला चार गोष्टी शिकवल्याशिवाय रोप हातात पडत नसे, म्हणून हे नाव. कुठे लावणार, ऊन किती, पाणी कोण घालणार, शेजारी काय आहे, सगळी चौकशी व्हायची. “रोप विकताय की लेकीसाठी स्थळ बघताय?” असं लोक तोंडावर विचारत आणि मास्तरही हसत.

या ताईंनाच तेवढं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्या फुलांची रोपं न्यायला पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांची लेक बुटकी देवाघरी जाऊन आठवडाही झाला नव्हता. मास्तरांची जीभ उचलली नाही. मुकाट्याने सहा रोपं कागदात गुंडाळून दिली. ती कुठे लावली जातात, हे कळलं पुढच्या वर्षी. तेव्हा सांगायला हवं होतं. पण चूक एकदा शिळी झाली की तोंडातून निघत नाही.

“सगळीकडे पाहते मी,” ताई म्हणाल्या. “लोकांच्या डब्यात, फुटक्या बादलीत पिटुनिया कशी ओसंडून वाहते! आणि माझ्या हातची बुटकीला चालत नाही. आठ दिवस टवटवीत असते. मग एका सकाळी खिडकी उघडावी, तर साऱ्यांनी माना टाकलेल्या. त्याही घराकडे पाठ करून.”

“ताई, अहो...”

“मला ठाऊक आहे कशाचा राग आहे तिला. चिखलाचे बूट घरात आणले म्हणून मी तिला ताडताड बोलले. भरल्या ताटावरून उठून गेली ती. संध्याकाळी तिला उचलून आणलं, तेव्हा ताट तसंच होतं.” त्यांनी पिशवीची घडी घातली, परत मोडली. “यंदा शेवटचं. यंदाची फुलंही मेली, तर समजेन की तिने मला माफ करायचं नाही असं ठरवलंय. मग पुन्हा मनवायला जाणार नाही.”

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. मुलांसाठी त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता तिथे होता. डावीकडे अक्रोड, उजवीकडे फूल. ऊन, पाणी, माती, जागा, वेळ. अक्रोडाला खोल माती, ऐसपैस जागा आणि दहा-बारा वर्षांचा धीर. फुलाला वीतभर माती, रोज थोडं पाणी आणि दोन महिने. पाच वर्षांची बुटकी याच तक्त्यासमोर टाचा उंचावून उभी राहिली होती. “फूल एवढी घाई का करतं?” तिने विचारलं होतं. “त्याच्याकडे एकच उन्हाळा असतो ना,” मास्तर म्हणाले होते. “मग मी घाई न करणारं नेते,” असं म्हणून तिने अक्रोडाचं रोप उचललं होतं. आता ताईंच्या अंगणात तेच झाड उभं होतं, आणि त्याच्याच बुंध्याशी ताई दर वर्षी फुलं लावत.

“ताई,” मास्तर म्हणाले, “या तक्त्यात एक ओळ लिहायची राहिलीय. शेजार. कोणाला कोणाचा शेजार सोसतो, ते.”

“म्हणजे?”

“अक्रोडाची मुळं मातीत एक रस सोडतात. आपल्याभोवती दुसऱ्या कोणी पाय रोवू नयेत म्हणून. काही झाडांना तो सोसतो. पिटुनियाला नाही सोसत. तुम्ही दुधाने न्हाऊ घातलं असतं, तरी ती रोपं जगली नसती. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. बुटकीचा राग तर नाहीच नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “मला चार वर्षं माहीत होतं. बोलायचं धाडस झालं नाही. चुकलो.”

मागे कुठेतरी नळाखालची बादली भरून वाहू लागली होती. नळ बंद करायला कोणी गेलं नाही.

“दर वर्षी? झाडामुळेच?”

“झाडामुळेच.”

मास्तरांना वाटलं, आता ओझं उतरेल. बाई रडतील, चार शिव्या देतील, मग बरं वाटेल. ते लगबगीने आतल्या रांगेकडे गेले आणि एक कुंडी घेऊन आले. “हे घ्या. अक्रोडाखालीही जगतं हे. पैसे राहू द्या. आठ दिवसांनी बघा, घराकडे तोंड करून फुलेल.”

ताईंनी कुंडीला हात लावला नाही. पिशवी काखेत मारली आणि फाटकापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. मागे न वळताच बोलल्या.

“रुसलेली का होईना मास्तर, पाच वर्षं ती अंगणात होती. आता तुम्ही म्हणताय, तिथे नुसतं झाड आहे.”