अंगठीची लेन्स

"वहिनी, फोकस बसत नाहीये. अजून मागे जातो."

"मागे ओटा आहे, भाऊजी."

दीर लग्नांचे फोटो काढणारा. हातभर लांब लेन्स घेऊन मागे सरकत सरकत तो स्वयंपाकघरात पोचला होता. शेवटच्या रांगेतून स्टेजवरची नवरी टिपणाऱ्या या लेन्सला पाच फुटांच्या आतलं काही दिसतच नव्हतं. आणि पाच फुटांवरून काचेच्या टाकीतल्या मासोळीचं तोंड तिळाएवढं.

सासूबाई उद्या नवा गुडघा घेऊन दवाखान्यातून घरी येणार होत्या. ही पिवळी मासोळी म्हणजे त्यांचा जीव. तिनं अकरा दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, हनुवटीही सुजलेली. मासे विकणाऱ्या दुकानदारानं फोनवर बजावलं होतं, "तोंडाच्या आतला स्पष्ट फोटो पाठवा. पांढरी बुरशी असली, तर आजच तिला बाहेर काढावं लागेल. नाहीतर बाकीचेही जातील." सुनेनं मोबाइलवर चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत काचेवर उमटलेलं तिचंच नाक.

दुसरी लेन्स घोळक्याची, सगळ्या पाहुण्यांना एका फोटोत कोंबणारी. तिनं मासोळीचं डोकं भोपळ्याएवढं केलं आणि शेपूट गायब.

"हा फोटो आईंनी बघितला, तर आल्या पावली परत दवाखान्यात जातील."

"मग आता अंगठीचीच," दीर म्हणाला. अंगठीवर कोरलेली नावं टिपायला घेतलेली बुटकी लेन्स त्यानं चढवली. सुनेनं पडदे ओढले. त्यानं डोक्यावरून काळी चादर घेतली आणि लेन्स काचेला सरळ टेकवली. फ्लॅश सुनेच्या हातात, टाकीच्या वर.

"हलू नका, वहिनी."

"मी कुठे हलतेय? ती हलतेय."

मासोळी तोंड उघडेना. सुनेचे हात भरून आले. फोटो मिळाला नाही तरी मासोळीला जाळीनं बाहेर काढावं लागणार होतं. जाळी सिंकमध्ये आधीच धुऊन ठेवलेली होती.

मग मासोळीनं चूळ भरल्यासारखा जबडा हलवला. फ्लॅश लखकन पडला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. दीरानं फोटो मोठा केला, आणखी मोठा. पांढरं काहीच नव्हतं. अर्धवट उघड्या ओठांमागे केशरी दाणे खच्चून भरलेले, आणि दाण्यादाण्यावर दोन काळे ठिपके.

"हे... डोळे आहेत?"

फोटो पाठवताच दुकानदाराचा फोन आला. "अहो ताई, अंडी आहेत ती! या जातीची मादी तोंडातच पिल्लं वाढवते. तोवर खाणार कशी? अजून दहा दिवस तिच्या वाटेला जाऊ नका."

सून मटकन खाली बसली. आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "आणि मी रोज बोटावर दाणा घेऊन तिच्या मागे लागत होते, एवढा एक घास म्हणून!"

दीर पुन्हा चादरीत शिरला होता. "वहिनी, अजून एकच. फोटोत तिचा कल्ला थोडा हललाय. फ्लॅश धरा ना."

ती उठली आणि तिनं टाकीचा दिवा बंद केला.

"अहो, मला काही दिसेना!"

"बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाचं काय काम, भाऊजी? चला बाहेर."