नवी कारणं

"फोडणी नको!" बुधाजी दारातूनच ओरडला.

चंपाचा लसणाचा हात तापल्या तेलावरच थांबला. आजचा अकरावा दिवस. रत्नीच्या अंगावरचा गोवर मावळला होता, तापही गेला होता. तरी पोर उठून बसत नव्हती. अकरा दिवस तिच्या पोटात पेजेपलीकडे काही गेलं नव्हतं. सकाळी दवाखान्यात डॉक्टर चंपावरच डाफरला, "अंडी द्या, मासे द्या. पोरीला उपाशी मारता काय?"

गेल्या ऑक्टोबरात बुधाजीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आला त्याच दिवशी त्याने घरातले देव शिवडीच्या खाडीत सोडले. देवी कोपते हे थोतांड आहे, असं तो डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीला बजावत असे. पण घरात गोवर आला आणि देवीसाठी पाळायचे जुने नियम एकेक करून परत आले. फक्त प्रत्येकाला आता नवं कारण होतं. फोडणी नको, पोरीला ठसका लागतो. मासे नकोत, पोटाला जड. दाराला कडुलिंबाचा पाला हवा, जंतू मरतात.

"जंतू काय पाला बघून माघारी फिरतात?" चंपाने परवा विचारलं होतं. तेव्हा तो चपला घालून सभेला निघून गेला.

आज तो आत येताच ती दारात आडवी उभी राहिली. "शेजारी कमलाबाई रोज मिरची परतते. तिचा ठसका बरा लागत नाही रत्नीला? पोर वाळत चाललीय, अहो. खरं काय ते एकदा बोला."

"तुला नाही कळायचं."

"डॉक्टरला कळत नाही, मला कळत नाही. तुम्हाला एकट्याला कळतं!"

बुधाजी खाली बसला. "आपल्या शिवाला गोवर आला होता तेव्हा," तो म्हणाला, "तू नळावर गेली होतीस. मी गिरणीतल्या पाळीवरून भुकेला आलो. बोंबील तळून खाल्ले. तिसऱ्या दिवशी तो गेला."

शिवाला जाऊन पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं हा माणूस ताटातला बोंबील बाजूला सारत होता आणि चंपा त्याच्या नखऱ्यांवर कटकट करत होती.

"देवी नाही असं चाळभर तुम्हीच सांगता ना?" तिचा आवाज अजून चढलेलाच होता. "मग माझ्या शिवाला कोणी मारलं?"

"गोवराने," बुधाजी म्हणाला.