चिमट्यात आलेली नोंद

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, असं मास्तरांनी आधीच बजावलं आणि खुर्ची दाराला अशी आडवी लावली की मध्येच उठून जायची कोणाची सोय राहिली नाही.

मास्तर कंपनीतले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. चहाच्या खोलीत ऐकायला तिघं होते. नव्या मॅनेजरबाई, सगळे ज्याला चष्मा म्हणत तो प्रोग्रॅमर, आणि तक्रारींचे फोन घेणारी ताई. कंपनी कपडे धुण्याची यंत्रं विकायची, दुरुस्त करायची. ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी जुनी प्रणाली आज पाच वाजता बंद होणार होती. जिवंत ग्राहक नव्या प्रणालीत जाणार, वारलेले पुसले जाणार.

मास्तरांना त्यातली एकच नोंद वाचवायची होती. बायकोची.

"मग सरळ विनंती करा की," चष्मा म्हणाला.

"विनंती नाही, इशारा देतोय. पुसणाऱ्याचं पुढे काय होईल, ते मला ठाऊक नाही."

मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. "सांगा. पण आटोपतं घ्या."

मास्तर आटोपतं घेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी चिमट्यापासून सुरुवात केली. चिमटा म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली इवलीशी कोड-लायब्ररी, तयार आज्ञांचा एक संच. इतकी हलकी, की फुंकर मारली तर दुसऱ्या कंपनीत जाऊन पडेल. ती अजस्र प्रणाली उघडायला सकाळ जायची. चिमट्याला एका ओळीत विचारावं, सहा महिन्यांत कोणाशी बोलणं झालं नाही, की तो पिठातून केस काढावा तशी नोंद काढून समोर धरी. हवी तर नोंदीत एक ओळ ठेवताही येई. बाकी सगळं मास्तरांनी छाटून टाकलेलं.

"सोमवारी सकाळी चिमटा लावला," मास्तर म्हणाले, "आणि ही आली. खाली लिहिलेलं, ग्राहक मृत, संपर्क बंद. तिला जाऊन सात महिने झाले होते."

"मग येणारच ना यादीत," चष्मा म्हणाला. "बोलणं कुठून होणार?"

"ऐक तर. त्या आठवड्यात घरच्या कपाटाची किल्ली सापडेना. स्वयंपाकघरात उभा राहून मी रिकाम्या भिंतीला विचारलं, अगं, किल्ली कुठे ठेवलीस? पुढच्या सोमवारी नोंदीत नवी ओळ. निळ्या स्वेटरच्या खिशात बघा."

"आणि होती?"

"होती."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

मग दर सोमवारी तेच. धाकट्या लेकीशी अबोला कसा मोडू? तुम्हीच आधी फोन करा, कमीपणा येत नाही. झोप लागत नाही. रेडिओ चालू ठेवा, मला काही त्रास नाही. हे शेवटचं वाचून मास्तर जागेवरच गार पडले होते. खोलीतला पंखा फिरत होता, तरी मॅनेजरबाईंनी ओढणी खांद्याभोवती घट्ट केली.

"या ओळी लिहितं कोण, ते बघितलं नाहीत?" चष्म्याने विचारलं. त्याचा सूर आता नरमला होता.

"चिमट्यात तो रकानाच नाही. वजन वाढतं म्हणून तेव्हाच काढून टाकला."

"मूळ प्रणाली उघडून बघायची."

"दोन वर्षं झाली. नाही उघडली." मास्तर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "उघडून काय करू? सोमवार येतो म्हणून मी रविवार काढतो."

ताई खाली मान घालून बसली होती. मास्तरांच्या बायकोला आवाजावरून ओळखणारी ऑफिसात ती एकटीच. यंत्र रडतं अशी तक्रार घेऊन बाई फोन करायच्या आणि अर्धा अर्धा तास घरचं बोलत राहायच्या.

"गेल्या सोमवारी मी एक विचारलं," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदाच उत्तर आलं नाही. रागावली असेल. म्हणून म्हणतो, पुसू नका."

"काय विचारलंत?"

"ते आमच्या दोघांतलं."

मॅनेजरबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "मास्तर, एकच सांगा. त्या नोंदीत तुम्ही स्वतः कधी काही लिहिलंत?"

"एक अक्षर नाही. जे विचारलं ते भिंतीला."

"खोटं," ताई म्हणाली.

तिने मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"प्रश्न तुम्ही त्या नोंदीतच लिहायचात, मास्तर. माझ्या पडद्यावर तुमच्या नावासकट दिसतात. किल्लीचं बाईंनीच मला कधीतरी फोनवर सांगितलं होतं, म्हणून जमलं. बाकीचं त्यांच्या बोलण्यावरून जुळवत गेले. पण गेल्या सोमवारी तुम्ही लिहिलंत, तुला पुसणार आहेत, आता मी कोणाशी बोलू. त्यावर मला काही सुचलंच नाही."