दगडातलं पोवळं

"पुढचे," मान वर न करता लेक म्हणाली, आणि बाप पिशवी घेऊन टेबलाशी आला.

किनाऱ्यावर सापडलेले दगड लोक रविवारी संग्रहालयात घेऊन येत. त्यांत जीवाश्म आहे की नाही, हे ती सांगे. बाप न चुकता रांगेत उभा राहायचा. आई गेल्यापासून लेक घरी आली नव्हती. त्याचा फोनही घेत नव्हती. तिची परीक्षा संपेपर्यंत त्यानं आईचं दुखणं तिच्यापासून लपवलं होतं, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता तिचा आवाज कानावर पडायचा तर दगड शोधण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

त्यानं पहिला दगड पुढे केला.

"साधा दगड आहे. भोक शिंपल्यानं पोखरलंय, तेही अलीकडचंच."

"बरं. आणि हा?"

"ही पांढरी रेघ म्हणजे गारगोटी. तुम्ही जरा निवडून आणत जा. मागे माणसं खोळंबतात."

"काय करू, मला सगळेच दगड होतकरू वाटतात."

रांगेतल्या बाई हसल्या. ती हसली नाही.

तिसरा दगड राखाडी, अंड्याएवढा होता. तो बाजूला सारायला तिनं हात पुढे केला आणि थबकली. पाण्याची वाटी, ब्रश, सगळं हाताशी होतं. तरी तिनं अंगठा जिभेला लावला आणि दगडावर घासला. लहानपणी ती अशीच दगड चाटायची आणि आईचे धपाटे खायची. ओल लागली तिथं बारीक बारीक घरं उमटली, मधाच्या पोळ्यासारखी, एकमेकांना खेटून.

"पोवळं आहे," ती म्हणाली. "दगड झालेलं. हे बघ, एकेका घरात एकेक जीव राहायचा."

तिनं भिंग त्याच्याकडे दिलं. तो वाकला. दोघांची डोकी जवळजवळ टेकली.

"कुठं मिळालं?"

"तुझी आई बसायची ना, त्या खडकाच्या मागे."

ती बराच वेळ दगडावरून अंगठा फिरवत राहिली. ओल वाळली, तशी नक्षी दिसेनाशी झाली.

"का नाही रे कळवलंस, बाबा?"

हा प्रश्न आलाच तर काय बोलायचं, हे त्यानं रस्त्यानं येताजाता कितीदा घोकलं होतं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिनं डोळे पुसले, रांगेला थांबायची खूण केली आणि पलीकडची खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

तो बसला. पोरीला कळवायचं नाही, अशी शपथ तिच्या आईनंच घातली होती, हे त्यानं आजही सांगितलं नाही.