कानामागचा रंग

व्हर्डीनला मघापासून खुर्चीत चैन पडत नव्हतं. डेट्रॉइटच्या एका चर्चच्या तळघरात वर्षातून एकदा काळ्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरतं, आणि तिथलं ‘तुमची बाहुली ओळखा’ हे टेबल गेली बावीस वर्षं तिचं आहे. बाहुली हातात घेतली की ती साल सांगते, कारखाना सांगते, आणि कुणी गोऱ्या बाहुलीला रंग फासून काळी म्हणून खपवत असेल तर तेही तोंडावर सांगते. आज मात्र तिची नजर सारखी दाराकडे पळत होती. दारापाशी नव्वदीला टेकलेली एक म्हातारी उभी होती आणि तिच्या कडेवर एक तपकिरी बाळबाहुली होती.

भुसा आणि सरस दाबून केलेली, ऐंशीएक वर्षांपूर्वीची. त्या साच्यातल्या गोऱ्या बाहुल्या ढिगानं मिळतात. तपकिरी मात्र व्हर्डीननं एकच पाहिली होती, तीही फोटोत. एकोणीस वर्षं व्हर्डीन तशा बाहुलीच्या मागावर होती.

“ती म्हातारी माझ्या टेबलाकडे वळली तर मी सोडायची नाही हं,” शेजारच्या टेबलावर बाहुल्या विकणारी क्लॉडेट जेवता जेवता म्हणाली.

“तू तुझा मासा खा,” व्हर्डीन म्हणाली. “गार होतोय.”

म्हातारी सरळ व्हर्डीनकडेच आली. टेबलापुढच्या रांगेतल्या बायकांनी तिला पुढे जाऊ दिलं.

“व्हर्डीन तूच ना? मी ओझेला. पास्टरची बायको सांगत होती, तुझ्याइतकं बाहुल्यांना कुणी जपत नाही. पुढच्या आठवड्यात भाची मला वृद्धाश्रमात नेऊन ठेवतेय. आणि तिला जुनं काही दिसलं की हातात कचऱ्याची पिशवीच येते. हिला तू ठेवून घे.”

“किती द्यायचे, मिस ओझेला?”

“लेक विकतं का कुणी?” म्हणत तिनं बाहुली व्हर्डीनच्या मांडीवर ठेवली आणि कुणीतरी पुढे केलेल्या खुर्चीकडे वळली.

एकोणीस वर्षांची वणवण अशी दोन मिनिटांत संपली होती. शहाण्या बाईनं आभार मानले असते, बाहुली पिशवीत घातली असती आणि घर गाठलं असतं. पण खात्री करून घेतल्याशिवाय व्हर्डीनला घास गिळत नाही. स्वभावच मेला तसा. तिचा हात रंग उतरवायच्या थिनरच्या बाटलीकडे गेला. कानामागे जरासं पुसलं तर कुणाला दिसणारही नव्हतं. म्हातारी खुर्चीत टेकेपर्यंत तिनं कापूस फिरवलासुद्धा.

कापूस तपकिरी झाला. कानामागे बोटाएवढं गुलाबी उघडं पडलं.

व्हर्डीनला रागच आला. “ही मूळची गोरी आहे,” ती साऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “वरून रंगवलीय. तुम्हाला कुणीतरी फसवलंय, मिस ओझेला.”

“मला कोण फसवतंय? माझ्या बापानं रंगवलीय ती.”

क्लॉडेटनं काटा खाली ठेवला.

“आई ज्या गोऱ्यांकडे धुण्याला जायची त्यांनी दिलेली,” ओझेला म्हणाली. “सहा वर्षांची होते मी. हातात घेतली आणि भोकाड पसरलं. म्हटलं, ही कसली माझी लेक, लोक मलाच हिची आया समजतील.”

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“बाप मोटारींच्या कारखान्यात होता, रंगखात्यात. आपल्या काळ्या माणसांच्या हातात रंगाची पिचकारी देत नव्हते, झाडू द्यायचे. टाकलेल्या डब्यांच्या तळाशी उरलेला रंग तो जेवणाच्या डब्याच्या झाकणातून लपवून आणायचा. एक दिवस तपकिरी, एक दिवस थोडा पिवळा. जेवणं झाली की मिसळायचा आणि माझ्या हातावर ठिपका द्यायचा. बघायचा, मान हलवायचा. आई घासलेटानं पुसायची, हात नुसता चुरचुरायचा. तीन आठवडे चाललं हे. मग एके दिवशी त्यानं ठिपका दिला, आणि कुठे दिलाय ते कुणालाच सापडेना.”

व्हर्डीनची मान वर होईना. बाहुली तिला आता आधीपेक्षा शंभरपट हवी झाली होती. “मी नीट करते,” ती घाईघाईनं म्हणाली. “घरी चाळीस तपकिरी रंग आहेत माझ्याकडे. तुमच्या हाताशी लावून जुळवते, अगदी तसाच...”

ओझेलानं बाही वर सारली. हातावर सुरकुत्या होत्या, काळे डाग होते, आणि मधूनमधून कातडी पार फिकटली होती.

“ह्या हाताशी? ह्याच्याशी आता काही जुळत नाही, पोरी. तेव्हाचे आमचे फोटो सगळे काळे-पांढरे. सहा वर्षांची मी कुठल्या रंगाची होते, ते हिच्याच अंगावर काय ते राहिलंय.”

तिनं बाहुली उचलून घेतली. कानामागचं गुलाबी ती बराच वेळ बघत राहिली. ऐंशी वर्षांत तिला ते दिसलं नव्हतं.

“माझ्याकडे राहू द्या,” व्हर्डीन म्हणाली. “चुकलं माझं. पाया पडते तुमच्या.”

“तुला खात्री करायची होती ना? झाली खात्री.”

ओझेला उठली. दाराच्या वाटेला लागली, चार पावलं गेली आणि परत फिरली. टेबलापाशी येऊन तिनं हात पुढे केला. व्हर्डीनला वाटलं, म्हातारीला दया आली. ती धडपडत उभी राहिली.

“तो तपकिरी कापूस दे इकडे,” ओझेला म्हणाली.