सोन्याचा दात

सोन्याचा दात लोकांना दिसावा म्हणून मी आयुष्यभर ऊठसूट हसलो. फालतू विनोदांना हसलो, एकदा तर मयतालाही हसलो. परवा तो दात पडला. कवळीचा खर्च तरी निघेल म्हणून रुमालात बांधून सराफाकडे नेला. बायको सोबत होती. सराफाने दात कसोटीच्या दगडावर घासला आणि उमटलेल्या रेघेवर ॲसिडचा थेंब सोडला. रेघ पार नाहीशी झाली.

"काका, हे पितळ आहे."

मी बायकोकडे पाहिलं. ती जराही दचकली नव्हती.

"तुला ठाऊक होतं?"

"दाताचे पैसे मीच दिले होते ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? दात बसवण्याआधी तुम्ही हसायचात कुठे?"